शनिवारी माती, रविवारी गड

आम्ही दोघं पुण्यात, कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. डोक्यावर गच्ची, मागे टेकडी, आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर हवे तेवढे गड. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि शनिवार-रविवार एकदम मोकळे झाले. तेव्हापासून शनिवार मातीचा आणि रविवार डोंगराचा असा क्रम लागला. खरं तर नवऱ्याला भाजीचं वेड आणि मला डोंगराचं. पण आता त्याला गडावरून ओढून खाली आणावं लागतं आणि मला गच्चीवरून. पुढे लिहिलंय ते सगळं आमच्यापुरतं पारखून घेतलेलं आहे. क्रमांकांना फार अर्थ नाही. घरातले वाद ज्या क्रमानं मिटत गेले, साधारण त्या क्रमानं ते दिलेत.

१. पहाटे निघालात की निम्मा ट्रेक झाला

सह्याद्रीचा कातळ काळा. मार्चनंतर सकाळी दहालाच तो तापायला लागतो, आणि दुपारी उघड्या सोंडेवरून उतरताना ऊन वरून लागतं तसंच खालूनही लागतं. म्हणून उन्हाळ्यात दहाच्या आत परत पायथ्याशी, हा आमच्या घरचा कायदा. पावसाळ्यात कारण वेगळं. तेव्हा ऊन नसतं, माणसं असतात. जुलैतल्या रविवारी सिंहगडच्या घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागायच्या वेळेला आपलं वर दही खाऊन झालेलं असावं आणि आपण आतकरवाडीच्या वाटेनं उतरणीला लागलेलं असावं. आम्ही बहुतेक वेळा स्वारगेटहून पायथ्याची बसच पकडतो. गाडी कुठे लावायची हा प्रश्नच मग उरत नाही.

पहाटे निघायचं तर सगळी तयारी रात्री. सॅक दाराशी, बाटल्या भरलेल्या, बूट बाहेर काढलेले. तिखटामिठाच्या पुऱ्या, गूळ-दाणे, दोन काकड्या, उकडलेले बटाटे, आणि एका डबीत मीठ-साखर. लिंबू कापून त्यात पिळलं की काम भागतं. चार वाजता उठून पोहे करायचे बेत ज्या घरात होतात, त्या घरातली मंडळी सात वाजता निघतात.

२. हळू चालणाऱ्यानं पुढे चालावं

नवरा-बायकोचा चालायचा वेग सारखा नसतो. तो सारखा करायला गेलं की डोंगर राहतो बाजूला आणि भलतंच काहीतरी सुरू होतं. वेगानं चालणारा पुढे गेला तर तो वळणावर थांबून श्वास घेतो. मागचा तिथे पोचला रे पोचला की हा ताजातवाना होऊन पुन्हा निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज, त्यालाच ती मिळत नाही. हळू चालणारा पुढे असला की गती आपोआप बेताची राहते आणि मागच्याला इकडेतिकडे बघायला सवड मिळते. पक्षी नेहमी मागच्यालाच दिसतात.

याला जोडून एक पोटनियम आहे. वाट फुटली की पुढच्यानं थांबायचं, मग ती फूट कितीही क्षुल्लक वाटो. आपल्याकडे डोंगरात ढोरवाटा भरपूर. गुरांच्या पायांनी मळलेल्या आणि दिसायला मुख्य वाटेहून रुंद. त्या आडव्या-आडव्या जात एखाद्या गवताळ पदरावर नाहीशा होतात, कारण गुरांना गडावर जायचंच नसतं. मळलेली वाट बराच वेळ उंची न घेता आडवीच चालली असेल तर शंका घ्यावी.

गावात वाट विचारायचीही एक रीत आहे. "मामा, ही वाट गडावर जाते ना?" असं विचारलं की उत्तर होकारार्थीच येतं, पाहुण्याला नाही म्हणणं तिकडच्या माणसाच्या जिवावर येतं. "मामा, गडावर कुठनं जायचं?" असं विचारावं. मग मामा हातातलं काम टाकून चार पावलं बरोबर येतात, आंब्याचं झाड दाखवतात, ओढा दाखवतात. "किती वेळ लागेल?" हे मात्र विचारू नये. "हे काय, इथंच" हे उत्तर आपल्या पायांना लागू नसतं.

३. नवा गड शोधण्यापेक्षा जुना गड पुन्हा करावा

आमच्या ओळखीत गडांची यादी करून खुणा करत जाणारे पुष्कळ आहेत. साडेतीनशे गड जाहीर झाले की समारंभ असतो. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण आमचा कल दुसरीकडे. सिंहगड, राजगड, तोरणा, तिकोना आणि रोहिडा या पाचांभोवतीच आम्ही वर्षानुवर्षं घुटमळतोय, आणि कंटाळा आलेला नाही.

एकाच वाटेवर वर्ष कसं उलगडतं ते सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर, त्यापाठोपाठ पळस आणि पांगारा फुलतो. झाडावर पान नाही आणि फुलांवर मैना-बुलबुलांचा दंगा. मेमध्ये करवंदाच्या जाळ्या काळ्या होतात. मेअखेर सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत नवरंग येतो, आणि त्याची दोन सुरांची शीळ ऐकू आली की छत्र्या बाहेर काढायच्या. पावशा तर त्याच्याही आधीपासून ओरडत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी डोंगराचे उतार ताब्यात घेतात. लोक फुलांसाठी कासला जातात, आणि कास आहेच तसं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत ते आहे. पण सोनकी बघायला तिथवर जायची आणि रांगेत उभं राहायची गरज नाही. मधल्या वारी कुठल्याही गडाची माची गाठा.

कारवीची गोष्ट आणखी वेगळी. ती साधारण आठ वर्षांनी एकदा सामुदायिक फुलते, बी धरते आणि वाळून जाते. मुंबईच्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ आणि २०२४ साली ती अशी फुलली. पण एका डोंगरावर फुलली म्हणून शेजारच्या डोंगरावर त्याच वर्षी फुलेलच असं नाही. ती गाठायची तर त्याच त्या डोंगरावर जात राहणं याला पर्याय नाही. कारवीचा मध गडद असतो. वाडीवर ओळख असली तर मिळतो. बाटलीवरचं लेबल वाचून मात्र घेऊ नये.

राजगड पुन्हा करायचा तर वाट बदलून करावा. गुंजवण्याहून चोरदरवाजानं चढायचं, जिथे शेवटी खडा कातळ आणि रेलिंग आहे, आणि पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी उतरायचं. उलट करू नये, कारण उतरताना चोरदरवाजाची वाट गुडघ्यांचा हिशेब मागते. अर्थात चढाईचं गाव आणि उतराईचं गाव वेगळं पडतं, त्यामुळे स्वतःची गाडी नेली की हा बेत फसतो. एसटी आणि वडाप यांच्या भरवशावर गेलात तर गड दोन्ही बाजूंनी बघून होतो. संजीवनी माचीकडे पाठ फिरवून खाली येणारे लोक बघितले की मला अजून वाईट वाटतं. बालेकिल्ल्यावर फोटो काढला की झालं, असं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

४. पाण्याशी पैज लावायची नाही

उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी. गडावर टाकी आहेत हे पुस्तकात बरोबर लिहिलेलं असतं. त्यात मार्चमध्ये पाणी किती आणि कसलं हे लिहिलेलं नसतं. पाठीवर वजन नको म्हणून एकच बाटली घेणारे लोक वर पोचल्यावर दुसऱ्यांच्या बाटल्यांकडे बघत बसतात.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथे पाणी आधी घोट्याएवढंच असतं. वर डोंगरात कोसळलेला पाऊस खाली पोचायला काही मिनिटं लागतात, आणि खाली त्या वेळी कदाचित ऊनही पडलेलं असतं. आमचा नियम असा: ओढ्याचं पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली की ओलांडायचं नाही, मग पलीकडे गाडी असो नाहीतर जेवण. गुडघ्याच्या वर पाणी असेल तरीही नाही. पूर ओसरायलाही फार वेळ लागत नाही, तासभर बसून राहावं. दर पावसाळ्यात लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं आपापली कामं टाकून दऱ्यांमध्ये उतरतात. ती पगारी नाहीत, हे धबधब्याखाली उभं राहून रील करणाऱ्यांना माहीत असायला हवं.

५. डोंगरात अत्तर नको

आग्या मोहोळाला उग्र वास, धूर आणि आरडाओरडा चालत नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढ्याजवळ मोहोळं असतात, तिथे हलक्या आवाजात बोलावं. परफ्यूम आणि ब्लूटूथ स्पीकर दोन्ही घरी ठेवावेत. स्पीकर मोहोळं नसतील तिथेही घरीच ठेवावा.

६. बियांआधी गच्चीचं वजन बघावं

आता गच्ची. हौशी लोक रोपवाटिकेतून सुरुवात करतात. आम्ही सुरुवात एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या चहापाण्यानं केली, आणि ते शहाणपण नवऱ्याचं. हिशेब सोपा आहे. ये-जा असलेल्या सपाट गच्चीचा आराखडा करताना भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास वापराचं वजन धरतात. ओली माती एका घनमीटरला १,६०० ते २,००० किलो भरते. म्हणजे फूटभर उंचीचा मातीचा वाफा केला तर एका चौरस मीटरवर ५०० किलो किंवा त्याहून जास्त. जुन्या इमारतीच्या स्लॅबवर असले वाफे बांधणाऱ्यांच्या घरी मी जेवायला जाते, पण खोली निवडून बसते.

तेव्हा वजनदार कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवर, स्लॅबच्या मध्यावर काही नाही. प्रत्येक कुंडीखाली विटांचे तुकडे, म्हणजे पाणी वाहून जातं आणि तळ कोरडा राहतो. वॉटरप्रूफिंग तपासल्याशिवाय एकही कुंडी नको. गच्चीवरची बाग किडीनं मरत नाही. ती सोसायटीच्या वार्षिक सभेत मरते. खालच्या काकूंच्या छताला ओल दिसली की तुमचे टोमॅटो कितीही लाल असोत, उपयोग नाही.

७. माती विकत घ्यायची नाही, पालापाचोळा गोळा करायचा

वजनाचं उत्तर पाल्यात आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचं चिपाड आणि प्लास्टिकच्या पिशव्या वापरून, मूठ-मूठ मातीत गच्चीवर भाज्या-फळं घेऊन दाखवली. त्याच्याही आधीपासून कोल्हापूरकडे गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर आपल्या प्रयोग परिवारातून शेतकऱ्यांना सांगत होते की झाडाचं शरीर मुख्यतः हवा, पाणी आणि ऊन यांतून बनतं, जमिनीतून येणारा वाटा अगदी लहान. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक गच्चीवाल्यांनी रेसिपीच्या पुस्तकाआधी घ्यावं.

पुण्यात कच्चा माल फुकट आहे. जानेवारी ते एप्रिल रस्तोरस्ती पानगळ असते, आणि सफाईवाल्यांना विचारलं तर पोतं भरून मिळतं. नाहीतर कोणीतरी ते जाळतो आणि सगळ्या गल्लीला खोकला लावतो. रसवंतीवर चिपाड मिळतं. ते तसंच कुंडीत घातलं तर मुंग्यांची जत्रा भरते. दोन-तीन दिवस उन्हात वाळवून, थोडं मोडून घालावं. खाली चिपाडाचा थर, त्यावर पाला, मग स्वयंपाकघरातली देठं-सालं, वर ओंजळभर जुनी माती किंवा तयार खत, आणि पुन्हा तेच. शहरातल्या पाल्याचं एकच दुखणं: त्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी, त्यामुळे कुजायला तो वेळ लावतो. त्यावर इलाज म्हणजे गिरिपुष्पाचा हिरवा पाला. कोथरूडच्या रस्त्यांवर छाटणी झाली की तो ढिगानं पडलेला असतो. वनखात्यानं टेकड्यांवर हे झाड भरमसाट लावून ठेवलं त्याचा मला राग आहे, पण खत म्हणून त्याच्यासारखं दुसरं नाही.

जीवामृत आम्ही करतो, सुभाष पाळेकरांच्या मापानं. त्यांचं माप दोनशे लिटरचं: १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ आणि मूठभर बांधावरची माती. गच्चीला दहा लिटर पुरे, म्हणजे अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन, चिमूटभर माती. सावलीत दोन दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. वास येतो. पाहुणे येणार असतील त्या आठवड्यात करू नये. हे माप पाळेकरांचं नाही, माझं.

८. डिसेंबरचं ऊन आणि मेचं ऊन वेगळं

कुंडी कुठे ठेवायची हे एकदा ठरवून चालत नाही. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही दक्षिणेला, आकाशाच्या जेमतेम मध्यापर्यंत चढतो. गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याची सावली तेव्हा जवळजवळ कठड्याच्या उंचीइतकी लांब पडते, आणि उन्हाळ्यात भाजून निघणारी जागा हिवाळ्यात थंडगार अंधारी होते. म्हणून मोठ्या कुंड्या चाकांच्या पाटावर, आणि दिवाळीत एकदा, होळीत एकदा सगळ्या बागेची बदली.

फळभाजीला रोज सहा तास ऊन लागतं, पालेभाजीला तीन-चार तासांत भागतं. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं पहिल्या पावसाबरोबर जूनमध्ये. टोमॅटो-वांग्याची रोपं सप्टेंबरात करून दसऱ्याला कुंडीत. मेथी, पालक, मुळा थंडीत. धण्याचे दाणे चपलेखाली रगडून दोन अर्धे करायचे, मगच पेरायचे, आणि आठ-दहा दिवस कोंब दिसला नाही तरी उकरून बघायचं नाही. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोशी झगडू नये. पारा ३५ अंशांच्या पुढे राहिला की फुलं गळतात, मग कितीही खत घाला. तेव्हा निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी आणि माठ, अळू, चवळीवर समाधान मानावं. अळूला तर काहीच लागत नाही. बेसिनचं पाणी दिलं तरी वाढतो. वडीसाठी काळ्या देठाचा लावा, आणि चिंचेचा कोळ सढळ हातानं घाला म्हणजे घसा खाजणार नाही.

९. वेलाची वेळ पाळावी

वेलभाज्यांचं गणित मला सगळ्यात आवडतं. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहाच्या सुमारास मिटायला लागतं. कारलं आणि घोसाळं सकाळचं. दोडका मात्र दुपार कलल्यावर, आपल्या चहाच्या वेळेला उमलतो. दुधी त्याच्याही नंतर, दिवेलागणीला. त्याचं फूल पांढरं, कारण त्याची गिऱ्हाइकं म्हणजे संध्याकाळचे पतंग. आता शहरात सहाव्या मजल्यावर पतंग येणार किती? फळं धरत नाहीत, इंचभर होऊन पिवळी पडतात, आणि लोक खत बदलत बसतात. दोष खताचा नसतो, परागकण पोचलेले नसतात.

तेव्हा ते काम आपण करायचं. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पराग मादीच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. वेलाची पहिली फुलं सगळी नरच असतात, तेव्हा घाबरू नये. मादी फुलं मागून येतात. आमच्याकडे भोपळ्याची पाळी माझी, कारण मी लवकर उठते, आणि दुधीची नवऱ्याची. ऑफिसातून आला की बूट न काढता तो आधी वर जातो. रविवारी पहाटे गडावर जायचं असेल तर भोपळ्याचं काय, यावर अजून तोडगा निघालेला नाही. दुधी मात्र आम्ही परत येईपर्यंत थांबतो. गच्चीवर वेल लावायचे असतील तर नोकरदारांनी दुधी आणि दोडका लावावा.

फळ धरलं की दुसऱ्या दिवशी कागदी पिशवी बांधावी. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, नंतर काही करता येत नाही.

१०. औषध मारण्याआधी भिंग घ्यावं

चवळीच्या शेंड्यावर काळा मावा दिसला की हात आपोआप फवाऱ्याकडे जातो. दोन दिवस थांबावं. त्या माव्यात करड्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी अळी फिरताना दिसेल. दिसायला भयंकर, पण ती लेडीबर्ड भुंग्याची पिल्लं आणि मावा हेच त्यांचं जेवण. बहुतेक लोक नेमकी तीच चिरडतात. मुंग्या मात्र आवराव्यात. माव्याच्या गोड द्रवासाठी त्या त्याची राखण करतात.

पिठ्या ढेकूण असेल तर नळीनं जोरात पाणी, मग साबणाचं पातळ पाणी. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा, पांढरी माशी पसरवते तो विषाणू. त्याला औषध नाही, रोप उपटून टाकावं. शेजारच्या रोपांवर माया असेल तर त्याच दिवशी.

११. पैसे वाचतात हा समज सोडावा

दोघांना दिवसाआड एक वेळची भेंडी हवी तर दहा-बारा रोपं लागतात, आणि त्या मोसमात मंडईत भेंडी स्वस्तच असते. कुंड्या, जाळी, चाकाचे पाट, पाणी यांचा हिशेब मी एकदा मांडला आणि वही बंद केली. नियमित मिळतात त्या गोष्टी लहान: कढीपत्ता, मिरची, पुदिना, गवती चहा, अळू, कोथिंबीर. चार दिवस हिमालयात गेलो की खालच्या काकू पाणी घालतात, त्याबद्दल त्या मोसमातला पहिला दुधी त्यांचा. छताची ओलही मग त्यांना जरा कमी दिसते.

१२. रानभाजी ओळखणाऱ्याच्या हातून घ्यावी

पावसाळ्यात गडाच्या पायथ्याला बायका पाटी घेऊन बसतात. त्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली असतात. कर्जत-मुरबाडकडे पहिल्या पावसात शेवळं मिळतात आणि त्यांच्याबरोबर काकडं. काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, आणि विकणारी मावशी ते बजावूनच देते. यूट्यूब बघून रानातून स्वतः खुडून आणायचा मोह टाळावा. सारखी दिसणारी विषारी पानं आहेत, आणि कंदासकट उपटलं तर पुढच्या वर्षी तिथे भाजी नाही. मावशी पान खुडते, मूळ ठेवते. भावात घासाघीस करू नये. डोंगर तिनं आपल्या आधी चढलेला असतो.

बियाणंही असंच हातोहात मिळवावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्यासाठी २०२०ची पद्मश्री मिळाली, त्यानंतर देशी घेवडे-वालांची चौकशी शहरातही वाढली. पाकिटातलं संकरित बी पुढच्या वर्षी साठवून लावलं तर काय निघेल सांगता येत नाही. गावठी दुधीचं एक फळ वेलावर वाळू द्यावं, खडखडायला लागलं की फोडावं, आणि बी राखेत घालून ठेवावं.

१३. गड आठवड्याचा, टेकडी रोजची

सोमवार ते शुक्रवार आम्ही वेताळ टेकडीवर जातो. कुठलाही ट्रेक जमतो तो या चढामुळे, रविवारच्या उत्साहामुळे जमत नाही. चाळीस मिनिटांत घरी परत येतो, मोर दिसतात, ओळखीचे चेहरे दिसतात, आणि रस्ता-बोगद्याच्या आराखड्यांवर टेकडीवरच्या ज्येष्ठांची मतं फुकट ऐकायला मिळतात.

याच टेकडीबद्दल एक मागणं आहे. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि पाऊस येईपर्यंत ते एका ठिणगीची वाट बघत असतं. मार्च ते जून टिटवीसारख्या पक्ष्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि वणवा त्यांच्यावरून जातो. लावलेली रोपंही जातात. तेव्हा टेकडीवर आणि गडावर काडेपेटी-लायटर नेऊ नका, दुसऱ्या कोणी सिगारेट पेटवली तर लाज न बाळगता टोका. धूर दिसला तर व्हिडिओ काढायच्या आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तो टोल फ्री आहे.